क्लबच्या मीटिंगला वक्ता कुणाला बोलवावं? एक जुलै तोंडावर आलाय

रानजाई · ४ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावात रोटरी क्लब आहे, मी त्यात तीन वर्षांपासून आहे. गेल्या आठवड्यात नव्या प्रेसिडेंटांचा फोन आला, "मॅडम, यंदा प्रोग्रॅम तुमच्याकडे." गॅसवर दूध होतं, मी घाईत हो म्हटलं. दूध उतू जायचं वाचलं, मी अडकले.

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. पूर्वी दर आठवड्याला मीटिंग घ्यावीच लागायची, २०१६ पासून नियम सैल झालाय, महिन्यातून दोन झाल्या तरी चालतं. म्हणजे वर्षाच्या चोवीस. त्यातून पदग्रहण, रोटरीच्या डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांची व्हिजिट, कोजागिरी, शिक्षकदिनाचे सत्कार, फॅमिली डिनर वजा करा. राहिल्या पंधरा-सोळा. या पंधरा-सोळा मंगळवारी समोर उभं कुणाला करायचं?

गेल्या वर्षीचं रजिस्टर काढून बसले. म्युच्युअल फंडवाले तीनदा. 'तणावमुक्त जीवन' दोनदा, आणि दोन्ही वेळा वक्ते इतके उशिरा आले की तणावात आम्हीच. एक गुडघेबदलाचे डॉक्टर, त्यांच्या चौऱ्याण्णव स्लाइड. एका प्रेरणादायी वक्त्यांनी मानधन, गाडी आणि स्टेजवर स्वतःच्याच फोटोचा बॅनर अशा तीन अटी घातल्या. मेंबर बेचाळीस, हजेरी चौदा. त्या चौदांतल्या निम्म्यांचे डोळे मागच्या टेबलावरच्या वड्यांवर.

खरी रंगलेली मीटिंग एकच. जानेवारीत पाहुणे घाटात अडकले. हॉलची वीज गेली म्हणून वायरमन आलेले होते, खजिनदारांनी त्यांनाच खुर्चीवर बसवलं, "दहा मिनिटं बोला काहीतरी." त्यांनी हातातली पकड खिशात घातली, घसा खाकरला आणि विचारलं, "कपडे वाळत घालायला लोखंडी तार किती जणांच्या घरी आहे?" जवळजवळ सगळे हात वर. मग सांगत गेले. पावसाळ्यात पत्र्यात करंट उतरतो, पत्र्यातून तारेत येतो, ओला टॉवेल टाकायला गेलेली बाई चिकटते, तिला ओढायला गेलेला नवरा चिकटतो. तारेच्या जागी नायलॉनची दोरी बांधा. मीटरजवळ ईएलसीबी बसवा, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच. आर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतत जा. आणि रस्त्यावर तुटलेली तार जवळच पडलेली दिसली तर ढांगा टाकत पळायचं नाही, पाय जोडून, घसटत घसटत लांब सरायचं. दोन पावलांत जितकं अंतर जास्त तितका झटका मोठा.

प्रश्न पाऊण तास चालले. वडे गार झाले तरी कुणी हूं की चूं केलं नाही.

तर विचारायचंय ते हे. रोटरी, लायन्स, जेसी, काहीही असो, तुमच्या गावच्या क्लबात आलेला लक्षात राहिलेला वक्ता कोण? आणि त्याच्या भाषणानंतर पुढं काही झालं का, की टाळ्या आणि आभार?

---

पंचगंगाकाठ · ४ जून, रात्री ११:०५

ताई, तुमचे वायरमन हेच रोटरीचं मूळ रूप बघा. शिकागोत २३ फेब्रुवारी १९०५ ला पॉल हॅरिस या वकिलानं तिघांना गोळा केलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीचा इंजिनिअर, एक शिंपी. बसले त्या इंजिनिअरच्या ऑफिसात. पुढची बैठक दुसऱ्याच्या जागेत, त्यापुढची तिसऱ्याच्या. जागा फिरती म्हणून नाव रोटरी. प्रत्येकानं आपल्या धंद्यातलं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शाल, फेटा, परिचयपत्रक हे सगळं मागाहून चिकटलंय.

मी सेक्रेटरी होतो त्या वर्षी चार मीटिंगा हॉलमध्ये घेतल्याच नाहीत. एक गुऱ्हाळावर घेतली. थंडीचे दिवस, चुलाणाच्या उबेला सगळे गोल बसलेले. गुळव्या बोलत होता आणि हात चालू होते. रानभेंडीचं पाणी रसात घातलं की मळी कशी वर येते ते दाखवलं. पाक आला का बघायला काहिलीतला थेंब गार पाण्यात सोडायचा आणि बोटांनी गोळी वळायची. आमच्यात एक केमिस्ट्रीचे प्राध्यापक होते, ते थर्मामीटर घेऊन आले होते. गुळव्यानं "आता उतरवा" म्हटलं आणि मग यांनी आकडा बघितला. पुढच्या तीन काहिलींना आकडा तोच. सर गप्प.

हजेरी त्या दिवशी अडतीस. फुकट काकवी मिळाली हे एक कारण असेल, मान्य.

आणखी एक. रोटरीनं पहिलं सार्वजनिक काम कुठलं हातात घेतलं माहितेय? १९०७ साली, शिकागोत, सार्वजनिक स्वच्छतागृह. आपल्याकडच्या किती क्लबांनी स्टँडवरच्या स्वच्छतागृहाकडं बघितलंय?

---

मामातलाव · ५ जून, सकाळी ८:२०

गुऱ्हाळ भारीच. आमच्या इकडचा अनुभव सांगतो. मी एकदा घड्याळ लावून बसलो होतो जी. साडेसातला बेल वाजली. राष्ट्रगीत. प्रेसिडेंटचं स्वागत, सेक्रेटरीची अनाउन्समेंट, तीन वाढदिवस, एक लग्नाचा वाढदिवस, दुसऱ्या क्लबच्या पाहुण्यांसोबत बॅनरची अदलाबदल. मग परिचय करून देणाऱ्यानं वक्त्याची बालवाडीपासूनची शाळा सांगितली. वक्त्याच्या हातात माईक आला आठ चौतीसला. आठ पन्नासला चिठ्ठी गेली, 'आवरते घ्यावे'.

तो माणूस मालगुजारी तलावांवर बोलायला आला होता. भंडारा-गोंदियाकडे जुन्या मालगुजारांनी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, बांधलेले तलाव आहेत, आम्ही मामा तलाव म्हणतो. पाळ कुठं फुटते, गाळ कुणी न्यायचा, काठाला बेशरमीची झुडपं वाढली की मासा का मरतो, त्याच्याजवळ तीस वर्षांचा अनुभव. सोळा मिनिटांत पाळीपर्यंतच पोचला. परत निघाला तर मोटरसायकल, एका हातात नारळ, खांद्यावर शाल, बगलेत मोमेंटो. डिक्की नाही. मीच पिशवी आणून दिली.

रानजाई, दुसरं काही करू नका. माईक पावणेआठला वक्त्याच्या हातात द्या. सत्कार शेवटी, ज्यांना थांबायचं ते थांबतील.

---

सागरगोटा · ५ जून, दुपारी १:४७

चांगला धागा. रानजाईताई, तुम्ही लेडीज मेंबर आहात तर हळदीकुंकू, पाककृती स्पर्धा, मेंदी असे कार्यक्रम ठेवा. त्याला गर्दी हमखास होते.

---

रानजाई · ५ जून, दुपारी २:१०

सागरगोटा, सूचनेबद्दल आभार. रोटरीत बायकांना मेंबर व्हायची मुभा सगळीकडे मिळाली १९८९ साली. तोवर आम्ही हळदीकुंकवंच करत होतो. :) आणि मला पोळ्या गोल येत नाहीत, स्पर्धेत परीक्षक म्हणूनसुद्धा शोभणार नाही.

पंचगंगाकाठ, स्टँडचं डोक्यात बसलंय. मामातलाव, पावणेआठचा नियम लिहून ठेवला.

---

तिरपीउन्हं · ५ जून, रात्री ९:३३

मी लायन. वक्ता चांगला कशाला म्हणायचा, याचं आमच्याकडे एक उदाहरण दरवर्षी सांगितलं जातं आणि ते मला अजून शिळं वाटत नाही. १९२५ साली अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंटला लायन्सचं अधिवेशन होतं. पाहुण्या म्हणून हेलन केलर. दिसत नाही, ऐकू येत नाही, अशी बाई उभी राहिली आणि तिनं लायन्सकडे थेट मागणं मागितलं: अंधांचे शिलेदार व्हा. लायन्स आज जगभर डोळ्यांचं काम करतात त्याचं मूळ त्या भाषणात. बाई प्रेरणा देऊन निघून गेली असती तर आज कुणाला आठवली असती?

म्हणून मी वक्त्याला बोलावतानाच विचारते, "तुम्ही आमच्याकडे काय मागणार?" काही जण गोंधळतात. त्यांना पुढच्या वर्षी बोलावते.

नेत्रदानावर आमच्याकडे नेत्रपेढीतला एक समुपदेशक मुलगा आला होता. दहाच मिनिटं बोलला. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत पेढीचे लोक यायला हवेत. तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. चष्मा होता, मोतीबिंदू काढलेला होता, तरी चालतं. फॉर्म भरलेला नसला तरी घरच्यांनी हो म्हटलं की झालं. मग म्हणाला, "मला फॉर्म नकोत. रात्री दोन वाजता फोन उचलतील असे तीन जण द्या." तीन जणांनी नावं दिली, त्यात मी एक. पहिला फोन अकराव्या दिवशी आला. पंखा बंद करा, हे वाक्य त्या घरात जाऊन बोलणं किती अवघड असतं ते तिथं कळलं. उकाड्याचे दिवस, माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि मी बटणाकडे हात नेते तर सगळे माझ्याकडे बघतायत. त्या घरच्या थोरल्या सुनेनं उठून पंखा बंद केला.

---

कडुनिंब · ६ जून, सकाळी ७:०२

सगळे गोड गोड लिहिताय म्हणून थोडा कडू घोट. आमच्या गावात सेवाभावी क्लबांची एकूण मिळकत म्हणजे बागेतली बाकडी. बसायला फळ्या दोन, पाठीवर नावं चार ओळी. पाण्याची टाकी बसवली, उद्घाटनाला दोन नगरसेवक, तिसऱ्या महिन्यात नळ चोरीला, त्यावरचं बोर्डाचं अक्षर मात्र अजून ठळक. झाडं लावतात ती दरवर्षी त्याच खड्ड्यात.

मोतीबिंदू शिबिराचंही सांगतो. माझी आजी अशाच एका शिबिरात गेली होती. ऑपरेशन छान झालं, त्याबद्दल वाद नाही. हिरवी पट्टी, काळा चष्मा, ओळीनं बसवून फोटो. थेंब सहा आठवडे घालायचे होते, कोणते किती वेळा ते कागदावर इंग्रजीत. तपासणीला पुन्हा शहरात न्यायला गाडी नाही. मी होतो म्हणून नेलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना कुणी नेलं असेल?

वक्ते बोलवा नाहीतर नका बोलवू. आधी गेल्या वर्षीच्या टाकीला नळ बसवा.

---

ओ_निगेटिव्ह · ६ जून, रात्री ८:५५

कडुनिंब, घोट कडू आहे पण औषधी आहे. मी रक्तपेढीत टेक्निशियन, माझाही थोडा राग इथं काढून घेतो.

क्लबांची रक्तदान शिबिरं कधी असतात? २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, नेत्याचा वाढदिवस, क्लबचा वर्धापनदिन. त्या दिवशी बाटल्या ठेवायला फ्रिज पुरत नाही. लाल पेशी टिकतात ३५ ते ४२ दिवस, पिशवीतल्या द्रावणावर अवलंबून. प्लेटलेट फक्त ५ दिवस. १५ ऑगस्टला घेतलेलं रक्त दिवाळीला कसं पुरणार? दिवाळीत आणि मे महिन्यात आमच्याकडे खडखडाट असतो, कारण कॉलेजं बंद आणि माणसं गावाला. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्यांना सुट्टी नसते. एक आई मे महिन्यात काउंटरवर येऊन विचारते, "आलं का?" दूधवाल्याबद्दल विचारावं तसं. तिला आता आवाज चढवायचाही कंटाळा आलाय.

मला एका क्लबात बोलायला बोलावलं होतं. नियम सांगितले: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, पुरुषांनी ९० दिवसांनी, बायकांनी १२० दिवसांनी. शेवटी म्हटलं, मोठं शिबिर बंद करा. त्याऐवजी आठवड्याला पाच जण पेढीत पाठवा. लोकांना आधी पटलं नाही, कारण पाच जणांचा फोटो काय घ्यायचा? पण त्यांच्यातल्या एका किराणा दुकानदारानं वही केली. नाव, गट, शेवटची तारीख, पुढची तारीख. उधारीच्या वहीसारखीच लाल कापडी पुठ्ठ्याची. तारीख आली की गिऱ्हाइकाला साखरेच्या पुडीबरोबर आठवण देतो. ती वही अजून चालू आहे आणि मे महिन्यात मी त्याच दुकानात फोन लावतो.

रानजाई, हा सगळा प्रतिसाद म्हणजे माझा वक्ता म्हणून अर्ज समजा. मानधन नको, वडे गरम हवेत.

---

पेठेतला · ६ जून, रात्री ९:४०

व्याख्यानाचं वेड आपल्याला शिकागोकडून यायची गरज नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली, पॉल हॅरिसच्या तीस वर्षं आधी. आणि तिथं वडे नसत. तरी लोक येत.

एक फुकटची युक्ती: बऱ्याच तालुक्यांत व्याख्यानमाला असतेच. तिथं आलेला वक्ता रात्री मुक्कामी असतो आणि सकाळी बसची वाट बघत चहा पितो. त्याला सकाळी साडेआठला गाठा. श्रोते पंधरा, टेबल एक, माईक नाही. व्यासपीठावर जे बोलायचं राहून गेलं ते तिथं बोलतात.

---

माळरान · ७ जून, दुपारी ३:१५

सर्पमित्राला बोलवायचं असेल तर एक सावधगिरी. आमच्याकडच्या एका क्लबात एकानं बरणीतून नाग आणला, टेबलावर काढला, मुलं पुढे, मोबाईल वर. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे बसत नाही, आणि तो कायदा आहे तो उगीच नाही. फक्त चित्रं आणणारा माणूस बोलवा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार नीट ओळखता आले की खूप झालं. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सूज नाही, आणि सकाळी पोटात दुखतंय म्हणून घरचे ओवा देत बसतात. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचली तर निम्मं काम होतं. चावल्यावर दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, हलवायचं कमी आणि सापाच्या विषावरची लस असलेल्या दवाखान्यात सरळ न्यायचं. लस कुठल्या दवाखान्यात आहे हे क्लबनं आधीच विचारून फळ्यावर लिहून ठेवावं.

---

यॉर्कशायरची_सून · ८ जून, पहाटे ३:३० (तुमची)

इथल्या आमच्या गावच्या रोटरीत सरासरी वय सत्तरच्या पुढं. डिसेंबरात सांताक्लॉजची गाडी गल्लीगल्लीतून फिरवतात आणि मागून बादल्या घेऊन पैसे गोळा करतात. आपल्याकडे वर्गणीला पोरं फिरतात तसंच, फक्त थंडीत आणि आजोबा.

मला तिथं बोलायला बोलावलं. विषय काय घ्यावा कळेना. तर त्यांच्या बागेत क्रोकसच्या जांभळ्या फुलांचे कंद लावायचं चाललं होतं, पोलिओसाठी. जांभळेच का, विचारलं. म्हणाले, लस दिलेल्या मुलाच्या करंगळीला जांभळी शाई लावतात म्हणून. मी म्हटलं, ती शाई मी लावलीय!

भारतात पल्स पोलिओ १९९५ च्या डिसेंबरात सुरू झालं. काही वर्षांनी मी कॉलेजात असताना रविवारी बूथवर बसायचे. टेबल अंगणवाडीचं, टोप्या आणि चहा-पोहे गावच्या रोटरीचे, बर्फाची पेटी आरोग्य केंद्राची. कुपीवरच्या लेबलावर एक गोल आणि आत फिकट चौकोन. चौकोन गडद होऊन गोलाच्या रंगाचा झाला की कुपी बाद. सोमवारपासून घरोघर. दारावर खडूनं लिहायचं, सगळ्यांना डोस झाला की इंग्रजी पी, कुणी राहिलं की फुली. फुलीच्या घरी परत जायचं. एका घराची फुली मी चार दिवस पुसू शकले नाही. आजी बाळाला घेऊन आत कोंडून बसायची. पाचव्या दिवशी रोटरीतले एक औषध दुकानदार बरोबर आले, ते त्या घराला वर्षानुवर्षं खोकल्याचं औषध देणारे. त्यांनी बाळाला थेंब द्यायच्या आधी स्वतःच्या जिभेवर दोन थेंब घेऊन दाखवले.

भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. हे आकडे त्या आजोबांना माझ्याआधी पाठ होते, पैसे त्यांनी वर्षानुवर्षं दिलेले. दारावरची फुली मात्र त्यांनी कधी ऐकली नव्हती. एकानं मला ती कागदावर काढून मागितली.

---

रानजाई · १९ ऑगस्ट, रात्री १०:४८

उशिरानं येतेय, पण रिकाम्या हातानं नाही.

पहिली मीटिंग वायरमनांचीच ठेवली, या वेळी रीतसर निमंत्रण देऊन. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि जानेवारीइतकं बोलता येईना! माईक धरून आखडले. मग मी हॉलचा मीटर बोर्ड उघडायला सांगितलं, सगळे तिथं भोवती उभे राहिलो, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. पावणेआठचा नियम पाळला. दोन ज्येष्ठ सदस्य सत्कार शेवटी गेला म्हणून नाराज आहेत, एक अजून बोलत नाहीत.

तिरपीउन्हंचा प्रश्न त्यांना आधीच विचारून ठेवला होता. त्यांनी मागितलं: आसपासच्या शाळांची आर्थिंग तपासून घेऊ, सामान तुम्ही द्या, मी रविवारी येतो. आत्तापर्यंत सहा शाळा झाल्या. दोन ठिकाणी आर्थिंगची तार खड्ड्यापर्यंत पोचतच नव्हती, भिंतीतून बाहेर येऊन नुसतीच लोंबत होती. एका शाळेत पाण्याच्या मोटारीला हात लावला की मुंग्या येतात हे मुलांना ठाऊक होतं, ती पैज लावून हात लावायची.

कडुनिंब, गेल्या वर्षीच्या टाकीला नळ बसवला. पितळी नाही, प्लॅस्टिकचा, चोरायला परवडू नये म्हणून. फोटो काढला नाही.

स्टँडच्या स्वच्छतागृहाची फाइल परवानगीत अडकलीय. तीनदा गेले, तीन वेगवेगळ्या टेबलांवर पाठवलं. ते पुढच्या धाग्यात.

ओ_निगेटिव्ह, तुमची तारीख दिवाळीच्या तीन आठवडे आधीची धरलीय. व्यक्तिगत निरोप बघा. वह्या मी आणते.

---

मामातलाव · २० ऑगस्ट, सकाळी ९:०१

शाळांचं वाचून बरं वाटलं जी. धागा वाचल्यावर मी पण घरची लोखंडी तार काढली. नायलॉनची दोरी बांधली, ती ओल्या चादरींनी मधात लोंबते आणि चादर अंगणात टेकते. आई रोज सकाळी विचारते, तुझ्या त्या वायरमननं यावर काही सांगितलं का?

---

रानजाई · २० ऑगस्ट, सकाळी ९:२६

विचारलं त्यांना. मधे बांबूची बेचकी लावा म्हणाले.